घरीच गिटार शिकतेय : दुखणारी बोटं, न लागणारी एफ कॉर्ड आणि उन्हाळ्यात उतरणारा सूर

शहाद्याहून

राम राम मंडळी.

घरीच गिटार शिकायला घेतली आहे. क्लासच्या वेळा जमत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त व्हिडिओंवर. गिटार भाच्याची आहे : ३८ इंची, कटअवे, स्टीलच्या तारा. बराच काळ कपाटावर पडून होती, तारा तेव्हाच्याच. पेटी येते, भजनी मंडळात काळी चारमध्ये गाते, त्यामुळे स्वर कानाला कळतात. कॉर्ड (काही स्वर एकदम वाजवायची पकड) आणि स्ट्रमिंग (तारांवर हात वर-खाली फिरवत ठेका देणं) मात्र पूर्ण नवीन.

तारा दाबताना बोटांची टोकं फार दुखतात, आणि एवढं दाबूनही सूर स्वच्छ येत नाही, खरखर होते. एफ (एक बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवून धरायची कॉर्ड) तर लागतच नाही, पहिल्या दोन तारा मुक्या राहतात. सकाळी ट्यूनरवर लावलेली गिटार दुपारी उतरलेली असते आणि संध्याकाळी कूलर लावला की उलट चढते. कॉर्ड बदलताना ठेका तुटतो तो वेगळाच.

श्रावणात कानबाईची (आपल्या खान्देशातल्या देवीची) गाणी आणि मंडळातली दोन-चार भजनं यांना साथ करता आली तरी पुष्कळ. सुरुवात कुठून करू? गिटार बदलावी लागेल का?

---

सहावी_तार (भुसावळ)

ताई, गिटार बदलायचं एवढ्यात ठरवू नका, पण ती मोजल्याशिवाय सरावही वाढवू नका. बोटं दुखतात आणि तरी सूर खरखरतो, असं दोन्ही एकदम होत असेल तर बहुतेक वेळा तारा फ्रेटपासून, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच असतात. उंच तार कितीही दाबली तरी फ्रेटवर नीट टेकत नाही, आणि अर्धवट टेकलेली तार खरखरते. शिकणारा समजतो आपल्याच बोटांत जोर नाही. गिटार सोडून देणाऱ्यांपैकी कितीतरी जण इथंच सोडतात, म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

मोजण्याआधी गिटार पूर्ण सुरात लावा. ताण कमी असताना घेतलेलं माप खोटं येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेली स्टीलची मोजपट्टी घ्या, जिचं शून्य अगदी टोकापासून सुरू होतं अशी. ती १२ व्या फ्रेटच्या डोक्यावर उभी धरून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर वाचा. सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिल्या तारेखाली दोन असेल तर उत्तम. तीन आणि अडीच असेल तरी शिकता येतं. चार असेल तर त्या गिटारीवर एफ शिकायला बसणं म्हणजे बोटांवर अन्याय आहे.

दुसरं माप नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, वाकाचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, उजव्या हातानं सहावी तार १४ व्या फ्रेटवर दाबा आणि ७ व्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते पाहा. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, साधारण पाव मिलिमीटर, हवी. नेमकं माप हवं असेल तर मोटरसायकल गॅरेजवाल्याकडचा फीलर गेज दोन मिनिटं मागून घ्या, तो टॅपेट सेट करायला वापरतात तोच. फट बरीच जास्त असेल तर नेक तारांच्या ओढीनं पुढं वाकलाय. फटच नसेल तर उलटा वाकलाय, आणि मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर होते.

तिसरं नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यातून जातात ती खाचांची पट्टी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती वर राहते ते बघा. कागदाच्या जाडीएवढी फट पुरे. त्याहून बरीच जास्त असेल तर नटाच्या खाचा उथळ आहेत. एफ न लागण्याचं हे मोठं कारण असतं, कारण एफ अगदी नटाला लागूनच धरावी लागते आणि तिथं तार सगळ्यात जास्त ताठ लागते.

शेवटी ब्रिज, म्हणजे खालच्या बाजूला तारा अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी. त्याच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर डिंक सुटायला लागलाय. तसं असेल तर तारा लगेच सैल करा आणि काम जाणकाराकडं द्या. फेव्हिकॉल भरून वर वजन ठेवायचं नाही. ब्रिज पूर्ण काढून, दोन्ही लाकडं साफ करूनच तो परत बसवावा लागतो.

तारा बदलाच. गंजलेल्या तारेवर बोट घासलं जातं आणि सूरही खोटा वाजतो. नवा सेट १० नंबरचा घ्या, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची. दुकानदार बऱ्याचदा १२ नंबरचा देतात. त्याचा सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. १० नंबर बराच मऊ. एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्या : तुमच्या ब्रिजवर तारा खुंट्यांनी अडकवलेल्या आहेत ना? तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतील तर ती नायलॉनची गिटार आहे. तिचा ताण ४० किलोच्या आसपास धरलेला असतो, तिच्यावर कुठल्याच नंबरची स्टीलची तार चढवायची नाही.

मापं घेऊन इथं टाका, पुढचं मग बोलू.

---

धाब्याचं_घर (पारोळा)

सकाळी बरोबर, दुपारी उतरलेली, कूलरपुढं चढलेली. गिटारीत दोष असेलच असं नाही, आपल्याकडच्या वैशाखात हे व्हायचंच. स्टील तापलं की लांबतं, तार सैल पडते, सूर उतरतो. कूलर लावला की तार गार होऊन आखडते. शिवाय कूलरच्या ओल्या हवेनं लाकूड किंचित फुगतं, तेही सूर वरच ओढतं. दोन्ही कारणं एकाच दिशेनं काम करतात म्हणून फरक एवढा जाणवतो. कूलर लावून वाजवणार असाल तर गिटार त्या खोलीत पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा आणि मग सुरात लावा. लगेच लावलेला सूर टिकणार नाही. कूलरचा थेट झोत मात्र गिटारीवर नको.

सूर नेहमी खालून वर आणून लावायचा. तार चढी असेल तर ती आधी चांगली उतरवा आणि मग हळूहळू वर या. वरून खाली आणलेली तार हेडवरच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) खुंटीच्या दातांत थोडी मोकळी राहते आणि दोन गाण्यांत घसरते. नटाच्या खाचेत तार अडकत असेल तर ‘टिक’ असा आवाज येतो. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासलं की थांबतं. खुंटीच्या कानावर छोटा स्क्रू असेल आणि कान सैल फिरत असेल तर तो स्क्रू पाव फेरा आवळा. ट्यूनर ४४० वर (ए सुराचा नेहमीचा आकडा) आहे ना तेही पाहून घ्या, बटण चुकून दाबलं जातं आणि आकडा बदलतो. आणि फिरवताना ट्यूनरवरचं अक्षर बघत बघतच कानही जागा ठेवा. अक्षर तेच पण सप्तक वरचं, असं झालं की तार तुटते. पहिल्या तारेचं तसंच होतं बहुतेक.

आता मुख्य धोका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी होते. गिटारीच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हवा ३५ टक्क्यांच्या खाली दिवसेंदिवस राहिली की लाकूड आकसतं. नेकच्या कडेवरून बोट फिरवा : फ्रेटची टोकं टोचायला लागली असतील तर लाकूड सुकलंय आणि धातू होता तेवढाच राहिलाय, हे पहिलं लक्षण. पुढं वरची फळी खाली बसते, मग चीर.

उपाय स्वस्त आहे. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला वरून भोकं पाडा, आत स्पंज ओला करून घट्ट पिळून ठेवा आणि डबी गिटारीच्या बॅगेत हेडच्या बाजूला ठेवा. थेंब गळता कामा नये, ओलं लाकडाला लागता कामा नये. तीन-चार दिवसांनी स्पंज पुन्हा पिळून भरा. बॅगेत आर्द्रतेचा छोटा डिजिटल मीटर टाकला तर अंदाजावर राहायची गरज नाही. पाऊस सुरू झाला की स्पंज काढून टाका, तेव्हा उलटा प्रश्न असतो : लाकूड फुगतं, फळी वर येते आणि तारा उंच होतात. श्रावणात वाजवायचं म्हणताय, तर तेव्हा तारांची उंची पुन्हा एकदा मोजा.

जागा : कपाटावर, छताजवळ नको. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात सगळ्यात जास्त ताप तिथंच असतो. पश्चिमेच्या भिंतीला टांगू नका. धाब्याचं घर असेल तर आतली खोली सगळ्यात चांगली, तिथं दिवसा-रात्रीचा फरक कमी पडतो. उन्हात उभ्या गाडीत गिटार अजिबात ठेवायची नाही. आतली हवा एवढी तापते की डिंक मऊ होतो आणि ताणाखाली ब्रिज उचलला जातो.

---

दादरा_केरवा (अमळनेर)

यंत्राचं वरच्यांनी सांगितलं, मी हातांचं सांगतो. कॉर्ड आकड्यांत लिहितो : डावीकडून सहावी जाड तार, उजवीकडं पहिली बारीक. ० म्हणजे मोकळी, × म्हणजे वाजवायची नाही.

बोट फ्रेटच्या धातूला अगदी लागून, त्याच्या अलीकडं ठेवा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो आणि तरी खरखर होते. अंगठा नेकच्या पाठीवर, साधारण मधल्या बोटाच्या समोर. डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापलेली हवीत, नाहीतर बोट उभं राहत नाही, आडवं पडतं आणि शेजारची तार मुकी करतं. किती दाबायचं ते शोधण्याची एक रीत आहे. बोट तारेवर नुसतं ठेवा, तार वाजवत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. मुका आवाज, मग खरखर, मग स्वच्छ सूर. स्वच्छ झाला तिथं थांबा. बहुतेक जण याच्या दुपटीनं दाबत असतात.

टोकांची कातडी घट्ट व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर एकदम तासभर बसण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा १५ मिनिटं. भांडी-धुणं झाल्यावर किंवा अंघोळीनंतर लगेच नको, कातडी मऊ असते आणि फोड येतो. टोकांची जळजळ चालेल. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर त्या क्षणी थांबायचं. ती चुकीच्या पकडीची खूण आहे.

कॉर्ड बदलताना ठेका तुटतो, कारण सगळी बोटं उचलून सगळी परत शोधली जातात. त्यामुळे एक बोट न उचलता ज्या कॉर्ड धरता येतात त्यांच्यापासून सुरू करा. करंगळीशेजारचं बोट दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि तिथून हलवू नका. आता या चार :

जी : ३ २ ० ० ३ ३
सी, थोड्या वेगळ्या रंगाची : × ३ २ ० ३ ३
डी : × × ० २ ३ २
ई मायनरचा मोकळा प्रकार : ० २ २ ० ३ ३

जी धरताना मधलं बोट सहाव्या तारेवर, पहिलं पाचवीवर, करंगळी पहिलीवर. तिथून सीला जायचं तर पहिलं आणि मधलं ही दोनच बोटं एकेक तार खाली, बारीक तारेच्या बाजूला, सरकतात. बाकी दोन जागच्या जागी. डीला करंगळी उचलायची, पहिलं बोट तिसऱ्या तारेवर, मधलं पहिल्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर. जीवरून ई मायनरला तर पहिलं बोट आहे तिथंच राहतं, फक्त मधलं चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येतं. रोज दोन कॉर्डची एक जोडी घ्या, एक मिनिटाचा गजर लावा आणि मिनिटात किती वेळा स्वच्छ बदलता आलं ते मोजा. ३० झाले की ती जोडी गाण्यात वापरायला तयार.

दुसरं कुटुंब ए मायनर (× ० २ २ १ ०) आणि सी (× ३ २ ० १ ०). इथं पहिलं आणि मधलं बोट तसंच राहतं, फक्त तिसरं बोट तिसऱ्या तारेवरून पाचवीच्या तिसऱ्या फ्रेटवर जातं.

उजव्या हाताला तर तुमच्या भजनानं आधीच शिकवलंय. केरव्याच्या आठ मात्रा मोजा. १, ३, ५, ७ ला हात खाली, २, ४, ६, ८ ला वर. हात लंबकासारखा अखंड चालू राहतो, तारेला लागो वा न लागो. आता तारा वाजवायच्या त्या १ ला खाली, ३ ला खाली, ४ ला वर, ६ ला वर, ७ ला खाली, ८ ला वर. पाचव्या मात्रेला हात खाली जातो पण तारांना शिवत नाही, आणि नेमका हाच रिकामा फटका नवशिके गाळतात. हात थांबला की ठेका गेला. दादऱ्याला सहा मात्रा, सगळे फटके खाली : १ ला फक्त खर्जाची तार, २ आणि ३ ला बारीक तीन-चार तारा, ४ ला पुन्हा खर्ज, ५ आणि ६ ला बारीक तारा.

मोबाइलवर तबल्याचा ठेका देणारं ॲप लावा, टिकटिकणाऱ्या मेट्रोनोमपेक्षा ते तुम्हाला जवळचं वाटेल. हाताचा एकेक खाली फटका मिनिटाला ६० पडेल इतकी लय ठेवा. आधी डाव्या हातानं सगळ्या तारा हलकेच झाकून नुसता खटखट आवाज काढत दहा मिनिटं. मग कॉर्ड. बदल करायचा तो आठव्या मात्रेवर : बोटं तेव्हाच उचला, वरचा फटका मोकळ्या तारांवर पडला तरी कानाला खटकत नाही. पुढच्या १ ला कॉर्ड अर्धीच लागली तरी हात थांबवायचा नाही. चुकलेली कॉर्ड ऐकणाऱ्याला कळतही नाही बऱ्याचदा. थांबलेला ठेका सगळ्या मंडळाला कळतो.

पिक ०.६० ते ०.७३ मिलिमीटरचं. जाड पिक स्ट्रमिंगला अडतं.

---

काळी_पाच (धुळे)

ताई, तुम्हाला एफची सध्या गरजच नाही.

पेटी येते म्हणताय, तर हे दोन मिनिटांत कळेल. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. गिटारीचा एक फ्रेट म्हणजे पेटीचं एक शेजारचं बटण, काळं-पांढरं दोन्ही धरून. कॅपो जितक्या फ्रेटवर, तितकी बटणं वर.

तुमची काळी चार. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि वर सांगितलेल्या जी, सी, डीच धरा. आवाज थेट काळी चारचा येईल. मंडळातले पुरुष काळी एकमध्ये गात असतील तर ए कुटुंबाच्या कॉर्ड (ए, डी, ई) आणि कॅपो चौथ्यावर. पांढरी दोनला डी कुटुंब बिनकॅपोचं. पांढरी सहाला जी कुटुंब आणि कॅपो दुसऱ्यावर, काळी पाचला तेच तिसऱ्यावर. कॅपो फ्रेटच्या धातूला लागून, सरळ बसवा. मधे किंवा तिरका बसला की तारा चढतात. लावल्यावर सूर एकदा पुन्हा तपासा.

कॉर्ड कुठली कुठं घ्यायची? चार्ट शोधत बसू नका, कानबाईच्या गाण्यांचे चार्ट मिळणं कठीणच. तुमच्याकडं स्वर आहेत. तीन कॉर्डमध्ये सातही शुद्ध स्वर बसतात : सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. जी कुटुंबात त्या अनुक्रमे जी, सी आणि डी. ओळ ज्या स्वरावर विसावते तो ज्या कॉर्डमध्ये आहे ती धरा. सा किंवा प दोन-दोन कॉर्डमध्ये येतात, तिथं दोन्ही वाजवून बघा, कान लगेच सांगतो. ओळीचा शेवट सा वर असेल तर बहुतेक सा-ग-प चीच. गंधार कोमल असेल तर सा ची कॉर्ड मायनर : मग ए मायनर, डी मायनर (× × ० २ ३ १) आणि ई (० २ २ १ ० ०) हे कुटुंब घ्या. त्यात ए मायनर सा, म्हणजे काळी चार हवी तर कॅपो अकराव्या फ्रेटवर जाईल, ते शक्य नाही. तेव्हा ई मायनर (० २ २ ० ० ०) सा धरून कॅपो चौथ्यावर. सोबत ए मायनर आणि बी सेव्हन (× २ १ २ ० २).

आपल्याकडची ओवी, लग्नातली अहिराणी गाणी, कानबाईची गाणी यांच्यातली बरीचशी चार-पाच स्वरांतच फिरतात. तिथं दर ओळीला कॉर्ड बदलायचा हट्ट नको. पूर्ण कडव्याला एकच कॉर्ड आणि शेवटच्या शब्दाला एक बदल, एवढ्यावर गाणं उभं राहतं. बायकांच्या टाळ्यांचा आणि गळ्याचा मान आधी, गिटारीनं मागं राहावं.

मंडळाची पेटी जुनी असेल तर तिचा ए बरोबर ४४० वर असेलच असं नाही. पेटीची पांढरी सहा दाबून ट्यूनर समोर धरा. ४४२ दाखवला तर ट्यूनरचा पाया ४४२ करा आणि त्यावर गिटार लावा. पेटी काही बदलत नाही, गिटार बदलते.

---

शहाद्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅपो लावून जी-सी-डी धरलं, खरंच काळी चार आली!

मापं अशी : १२ व्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली ४ मिलिमीटर, पहिलीखाली साडेतीन. ७ व्या फ्रेटची फट दोन व्हिजिटिंग कार्डांची. नटपाशी फट बरीच दिसते, कागदापेक्षा नक्कीच जास्त. ब्रिजखाली कागद जात नाही. ब्रिजच्या वर पांढरी पट्टी साधारण ४ मिलिमीटर दिसते. ट्रस रॉड (नेकचा वाक कमीजास्त करायची आतली सळई) म्हणजे काय ते शोधून पाहिलं, पण ना हेडवर झाकण आहे, ना गिटारीच्या मोठ्या भोकातून आत काही बोल्टचा नट दिसतो. तारा खुंट्यांच्याच आहेत. आणि एक : रोज वाजवून झाल्यावर तारा सैल करून ठेवाव्यात असं दुकानात सांगितलं, ते बरोबर का?

---

धाब्याचं_घर (पारोळा)

रोज सैल करायच्या नाहीत. नेक ताण धरूनच बनवलेला असतो. रोजच्या चढउतारानं तार लवकर तुटते आणि सूर कधीच स्थिर होत नाही. महिनोन्‌महिने वाजवणार नसाल तरच प्रत्येक तार दोन-तीन स्वर उतरवून ठेवा. वाजवल्यावर सुती कापडानं तारा वरून आणि खालून पुसायच्या. उन्हाळ्यातल्या घामानं गंज फार लवकर धरतो.

---

सहावी_तार (भुसावळ)

मापं चांगली घेतलीत. ३८ इंची गिटारीत ट्रस रॉड नसणं नेहमीचंच, त्यामुळे नेकला हात लावता येणार नाही. तरी ही गिटार वाजवण्याजोगी होईल.

आधी १० नंबरच्या तारा चढवा. ताण कमी झाला की नेक थोडा मागं येतो, फळीचा फुगवटाही थोडा बसतो. तारा चढवल्यावर एक-दोन दिवस रोज सुरात लावत राहा आणि मग पुन्हा मोजा. तोवर काही घासायचं नाही.

समजा तरीही ४ आणि साडेतीन आलं. ब्रिजवरची पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. हिशोब साधा : १२ व्या फ्रेटवर तार जितकी खाली हवी, त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं, कारण १२ वा फ्रेट तारेच्या लांबीच्या मध्यावर असतो. तुम्हाला एक मिलिमीटर कमी करायचंय, म्हणजे सॅडल दोन मिलिमीटर. वर ४ दिसतंय, दोन उरेल. त्याहून खाली जाऊ नका, तारेला सॅडलवरून खाली वळायला कोन उरत नाही आणि आवाज पडतो.

तारा सैल करून ब्रिजवरच्या खुंट्या काढा. अडलेली खुंटी पकडीनं ओढू नका, भोकातून आत हात घालून एखाद्या नाण्यानं खालून वर ढकला. सॅडल कुठल्या बाजूनं बसलं होतं त्याची खूण करा. ते फक्त खालून, सपाट बाजूनं घासायचं. वरची गोलाई तशीच राहायला हवी. खालच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर पेन्सिलनं रेघ मारा. काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, त्यावर सॅडल उभं धरून एकाच दिशेनं घासा. दोन्ही टोकांवर सारखा दाब ठेवा, नाहीतर एक बाजू खाली जाते. दीड मिलिमीटर घासून झालं की बसवून, तारा चढवून मोजा. उरलेलं नंतर. जास्त घासलं गेलं तर नवं सॅडल स्वस्तात मिळतं, पण लांबी-जाडी मोजून घ्या, सगळी एकाच मापाची नसतात. खाली कागदाच्या घड्या भरू नका, आवाज मरतो.

नटाच्या खाचा खोल करायला गोल पात्याच्या बारीक कानशी लागतात, त्या प्रत्येक तारेच्या जाडीच्या असतात. हॅक्सॉच्या पात्यानं केलं तर खाच रुंद होते आणि तार मोकळी वाजवताना खरखरते. नाशिक-पुण्याला कधी जाणं झालं तर जाणकाराकडून करून घ्या. तोपर्यंतचा उपाय : सगळी गिटार पेटीची दोन बटणं खाली लावा, म्हणजे सहावीपासून डी, जी, सी, एफ, ए, डी. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावला की सूर नेहमीचाच येतो. पण ताण कमी झालेला असतो आणि नटाची उंची खेळातूनच जाते, कारण आता नटाचं काम कॅपो करतो. तुमच्या काळी चारसाठी मग कॅपो तिसऱ्यावर आणि कॉर्ड त्याच, जी-सी-डी.

एफसाठीही हीच तयारी कामाला येते. श्रावणानंतर सुरू करा, आणि पहिल्या फ्रेटवर नको. तीच आकृती पाचव्या फ्रेटवर धरा, तिथं तारा सगळ्यात मऊ लागतात : ५ ७ ७ ६ ५ ५. पहिलं बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित कलवा. बोटाच्या पेरांच्या वळीत तार गेली की ती मुकी होते, तुमच्या पहिल्या दोन तारांचं बहुधा तेच होतंय. बोट पाव इंच वर किंवा खाली सरकवलं की वळीची जागा बदलते. कोपर अंगाकडं ओढा, जोर हाताच्या वजनातून यायला हवा, अंगठ्याच्या चिमटीतून नको. पाचव्यावर स्वच्छ आली की चौथा, तिसरा, असं एकेक फ्रेट खाली. मधल्या काळात गाण्यात एफ आलीच तर × × ३ २ १ ० धरा, पहिली तार मोकळी राहते आणि काम भागतं.

तारा चढवताना शेवटचं : तारेचं गोळी असलेलं टोक ब्रिजच्या भोकात टाकून खुंटी बसवली की तार वर ओढून बघा. खुंटी वर येत असेल तर गोळी खुंटीच्या टोकाखाली अडकलीय. ती ब्रिजखालच्या लाकडी फळीला टेकली पाहिजे. तारेचं टोक आत टाकण्याआधी किंचित वाकवून घेतलं की ती नीट बाजूला सरकते. हेडच्या खुंटीवर जाड तारांना दोन-तीन वेढे, बारीक दोन तारांना चार, प्रत्येक वेढा आधीच्या खाली.